मावशीचा हत्ती

मावशीचं डायलिसिस आठवड्यातून 3 दिवस, दर खेपेला 4 तास. डावा हात फिश्चुलाचा, तो हलवायचा नाही. मोकळा उजवा मात्र सारखा चादर चुरगाळत असतो. हुडहुडी भरते, पण घाबरलेय म्हणणार नाही! मग एका रविवारी मॉलला दांडी मारून मी आईच्या जुन्या सुती साडीचा हत्ती शिवला. डोळे धाग्याचे, आत फायबर. म्हणजे वॉशिंग मशीनमध्ये धुता येतो. (इन्फेक्शनची भीती असते ना, बॉस!) सोंड तेवढी पोटालाच चिकटली.

‘‘अगं, हा उंदीर की काय?’’

58 वर्षांची बाई, पिशवीत टाकून देईल असं वाटलं होतं. चार तास सोडला नाही.

परवा शेजारच्या बेडवरच्या काकांनी हळूच विचारलं, ‘‘मला एक शिवशील? सोंड मात्र सरळ लाव हं.’’