एकही डाय गेटबाहेर जाणार नाही

कारखान्याच्या व्यवस्थापनास हा अखेरचा इशारा आहे. यानंतर पत्र येणार नाही.

वेतनकराराची मुदत संपली. मंदी आहे, थांबा, असे सांगितलेत. आम्ही थांबलो.

बोनस दोन हप्त्यांत घेतला. ले-ऑफ सोसला. ऑर्डर आली तेव्हा सुट्टीच्या दिवशीही मशीन चालवली.

बैठकीला बोलावलेत, आलो. ताळेबंद मागितला. 'वरून कळवतो' यापलीकडे उत्तर नाही.

दरम्यान टूल रूममधल्या डाय रात्रपाळीत ट्रकवर चढल्या. गेट पासवर लिहिले होते : दुरुस्तीसाठी. एकही परत आलेली नाही. प्रेस शॉपमध्ये जिथे मशीन होते, तिथे आज फाउंडेशनचे चार बोल्ट आणि तेलाचा डाग आहे.

टाइम ऑफिसात एकेकाला बोलावून व्हीआरएसचा अर्ज पुढे केला जातो. रकमेचा रकाना कोरा. खाली सही मागितली जाते.

हे आता बंद.

कारखान्याला टाळे लावणे ही तुमची घरगुती बाब नाही. एवढ्या मोठ्या कारखान्याला सरकारची पूर्वपरवानगी लागते. ९० दिवस आधी, कारणांसह अर्ज. त्याच वेळी त्याची प्रत कामगार प्रतिनिधींना. ती आमच्या हाती आलेली नाही.

परवानगीविना कारखाना बंद करणे बेकायदा ठरते. पगार चालूच राहतो.

परवानगी मिळाली, तरी सेवेच्या प्रत्येक पूर्ण वर्षामागे १५ दिवसांचे सरासरी वेतन द्यावे लागते. ग्रॅच्युइटी वेगळी. पीएफ वेगळा. हा हक्क आहे.

कामगार खात्यानेही ऐकावे. अर्जावर ६० दिवसांत निर्णय कळवला नाही, तर परवानगी दिली असे कायदा मानतो. तुमच्या टेबलावर पडून राहिलेली फाइल म्हणजे आमच्या विरोधातला निकाल.

१८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईचे सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. पुढे गिरण्या संपल्या. जमिनींवर मॉल आणि टॉवर उभे राहिले. कामगारांचे वारस घराच्या सोडतीसाठी खेटे घालत राहिले.

आधी यंत्रे जातात. मग माणसे. शेवटी जमीन. हा क्रम आम्हाला पाठ आहे. ही जमीन एमआयडीसीने उद्योगासाठी दिली आहे, टॉवरसाठी नाही.

आमच्या मागण्या चार.

बाहेर गेलेल्या डाय आणि मशीन परत आणा.

तीन वर्षांचे ताळेबंद बैठकीत ठेवा.

कोऱ्या अर्जांवर घेतलेल्या सह्या रद्द करा.

निर्णयाचे अधिकार असलेला माणूस कामगार उपायुक्तांसमोर बसवा. कंत्राटी कामगारांची देणीही त्याच टेबलावर ठरतील.

मुदत सात दिवस.

आठव्या दिवशी संपाची कायदेशीर नोटीस मिळेल. त्याच दिवशी मनाई हुकुमासाठी आम्ही न्यायालयात असू. गेटवर पाळ्या लावल्या आहेत. कायम आणि कंत्राटी, दोघांच्या. त्या आज रात्रीपासून सुरू होतील. शांततेत. ट्रक रिकामा येईल, रिकामाच परत जाईल.

चर्चेचे दार आम्ही लावलेले नाही. कारखाना चालवायचा असेल, तर पहिल्या पाळीला आम्ही हजर आहोत.

उत्तर लेखी हवे. तोंडी आश्वासन यापुढे स्वीकारले जाणार नाही.