वारी थांबली, चूल कोणाची थांबली?

आषाढीची चाहूल लागली की आमच्या सोलापूर जिल्ह्यातील वाटा टाळमृदंगाने दुमदुमू लागतात. सन २०२० च्या एकादशीचे स्मरण म्हणूनच अनेकांना नकोसे वाटते. १ जुलैच्या त्या दिवशी पंढरीत संचारबंदी होती. संतांच्या पादुका मोजक्या मानकऱ्यांसह एस.टी.तून आल्या होत्या. तो धर्मावर घाला होता, असे म्हणणारे भाविक आजही भेटतात. आम्हांस ते मान्य नाही. संकटकाळी नित्यनियमास मुरड घालण्याची मुभा शास्त्रकारांनीच आपद्धर्म म्हणून दिली आहे, आणि पूर्वी याच यात्रेतून पटकी गावोगाव जात असे, हे वृद्धांच्या तोंडून आपण ऐकलेच आहे.

आमचा प्रश्न निराळा आहे. या त्यागाचे मोल कोणी मोजले? चैत्री, आषाढी, कार्तिकी, माघी या चार वाऱ्या म्हणजे पंढरीतील गरिबाची सुगी. बुक्का, तुळशीमाळा, चुरमुरे-बत्तासे विकणारे आणि चंद्रभागेतील नावाडी यांच्या चारही सुग्या ओळीने बुडाल्या. इकडे सोलापुरात चादरी-टॉवेलांचे माग थंडावले. जुलै २०२० मध्ये शहरात पुन्हा दहा दिवस टाळेबंदी झाली. विड्या वळणाऱ्या माताभगिनींना मजुरी मिळते ती हजार विड्यांच्या हिशेबाने. पगारदाराने घरी बसणे आणि त्यांनी घरी बसणे, यांत केवढे अंतर! शासनाने मोफत धान्य दिले, ते उत्तमच केले. परंतु घरभाडे, औषध आणि सावकाराचे व्याज तांदळाने फिटत नाही.

एप्रिल २०२१ च्या आरंभी देवळाचे दार पुन्हा लागले, आणि त्याच महिन्यात पंढरपूर-मंगळवेढा पोटनिवडणुकीच्या प्रचारसभा मात्र भरल्या. असा एकाक्ष नियम लोकांनी कोणत्या श्रद्धेने पाळावा?

ज्या १८९७ च्या साथरोग कायद्याने हे निर्बंध आले, त्याच्या दुसऱ्या कलमात निर्बंधांच्या अधिकाराबरोबरच खर्च व नुकसानभरपाई कोणी सोसावी हे ठरविण्याचाही उल्लेख आहे. पहिला भाग तत्परतेने वाचला गेला, दुसरा नाही. पुन्हा कधी दार लावण्याची वेळ आलीच, तर लावावे; मात्र बंदीचा हुकूम आणि हातावर पोट असणाऱ्यांच्या भरपाईचा हुकूम एकाच दिवशी निघावा.

आणि आपण भाविकांनीही, घरी राहिल्याने वारीचा जो खर्च वाचला असेल, तो आपल्या नेहमीच्या बुक्केवाल्याकडे, माळकऱ्याकडे मनिऑर्डरने धाडावा.