चाळिशीतला सायरन

‘वेड लागलंय का तुला?’ एक्केचाळिसाव्या वर्षी बँक सोडून पॅरामेडिक व्हायचं म्हटल्यावर ऑफिसातली पहिली रिअ‍ॅक्शन. आई म्हणाली, ‘मग डॉक्टरच हो ना!’ नवऱ्याने काही न बोलता होम लोनची एक्सेल शीट उघडली. पगार तिसऱ्या हिश्श्यावर येणार होता. तीन वर्षं निभेल, असं निघालं. रोमान्स इथेच संपतो, बरं का!

तुमच्याही डोक्यात हा किडा वळवळत असेल तर ऐका. हैदराबादेत २००५ साली १०८ सुरू झाली ती ईएमटींच्या जिवावर. महाराष्ट्रात ती २०१४ मध्ये आली, पण गाडीत डॉक्टर ठेवून. म्हणजे आपल्याला इथे मुख्यतः खासगी हॉस्पिटल नाहीतर अ‍ॅम्ब्युलन्स कंपनी. शिवाय बऱ्याच कोर्सना बारावी सायन्स लागतं. जुनी मार्कशीट शोधा.

मग शरीर. सीपीआर म्हणजे मिनिटाला १०० ते १२० वेळा छाती दाबायची, किमान पाच सेंटीमीटर. दर दोन मिनिटांनी माणूस बदलतात, कारण दमल्यावर दाब हलका पडतो आणि दाबणाऱ्याला ते कळतही नाही. जिमवाल्यांनो, उशीवर करून बघा! लिफ्ट नसलेल्या चौथ्या मजल्यावरून पेशंट उतरवण्याबद्दल तर बोलायलाच नको.

माझ्यासोबतची पोरं बाविशीची. स्ट्रेचर झपाझप उचलतात. पण दारात रडणाऱ्या मुलाला ‘बाबांच्या औषधांची पिशवी आण, काय काय चालू आहे ते सांग’ असं मी म्हटलं की तो ऐकतो. बँकेत या पांढऱ्या केसांना मी दर महिन्याला डाय लावत होते.