चौदा तासांची हौस

बाळंतविड्यात कुंची, टोपडे, दुपटे यांच्याबरोबर लोकरीचे पायमोजे असतात. ते कोणी विणले याची चौकशी सहसा होत नाही. आजी, आत्या, मावशी यांपैकी कोणीतरी ते ‘हौसेने’ केलेले असतात, आणि हौस हा शब्द एकदा उच्चारला की अर्थशास्त्राचे काम संपले अशी सार्वत्रिक समजूत आहे. मंगळवेढ्यासारख्या अवर्षणप्रवण तालुक्यात ही समजूत तपासून पाहणे अगत्याचे आहे. येथील कष्टकरी घरांतली स्त्री सुगीत ज्वारी काढते, दुष्काळात रोजगार हमीच्या कामावर खडी फोडते, आणि त्या दोन्ही वेळी तिला श्रमिक म्हटले जाते. त्याच हाताने सुया धरल्या की ते नाव गळून पडते.

पायमोजा विणणे ही वाटते तितकी किरकोळ गोष्ट नाही. स्वेटरचा पाठीचा भाग दोन सुयांवर सरळ विणत जाता येते. मोज्याला टाके चार सुयांवर वाटून पाचव्या सुईने गोल विणावे लागते. वरची पट्टी दोन सुलट, दोन उलट अशी, म्हणजे ती ताणली जाते आणि पायावर टिकते. टाचेपाशी अर्धेच टाके घेऊन पुढे-मागे विणायचे, टाच वळवायची, मग तिच्या दोन्ही कडांचे टाके उचलून वर्तुळ पुन्हा जुळवायचे आणि बोटांकडे टाके घटवत जायचे. सपाट धाग्यातून कोनात वळणारी वस्तू शिवणीवाचून तयार होते. त्यामागे भूमिती आहे, मोजणी आहे आणि ती सारी तोंडपाठ असते. जिला शाळेत गणितात गती नाही म्हणून बसवून ठेवले, तीही हे करते.

आता हिशेब. बाळाच्या मोज्यांचे काम एखाद्या दुपारी उरकते. थोरांच्या पायाचे तसे नाही. बारीक लोकरीच्या मोज्याला घेरात साठ टाके धरले आणि पट्टीपासून बोटांपर्यंत एकशे पासष्ट फेऱ्या धरल्या, तर एका मोज्याचे सुमारे दहा हजार टाके होतात, जोडीचे वीस हजार. सरावलेला हात मिनिटाला पंचवीस टाके विणतो असे मानले तर तेरा तासांहून अधिक वेळ लागतो. टाच वळवणे, टाके बंद करणे, धाग्यांची टोके आत घेणे धरून चौदा. २०२५-२६ साली महाराष्ट्रात रोजगार हमीच्या अकुशल कामासाठी ठरलेला दर दिवसाला ३१२ रुपये होता. आठ तासांचा दिवस धरल्यास तासाला ३९ रुपये. म्हणजे माती वाहण्याच्या दराने मोजले तरी या जोडीतील श्रम ५४६ रुपयांचे भरतात, लोकरीची किंमत वेगळी. कौशल्याचा मोबदला यात एक पैसाही धरलेला नाही.

यावर तत्काळ उत्तर येते की बाजारात शंभराच्या नोटेत यंत्रावरचे दोन-तीन जोड मिळत असताना हे मोजे घेणार कोण? प्रश्न रास्त आहे. परंतु येथे बाजाराने ही किंमत द्यावी असा आग्रह नसून, ती दिली जात नाही तेव्हा फरक कोण सोसते एवढेच विचारावयाचे आहे. बचत गटांच्या विक्री-प्रदर्शनात हाताने विणलेली वस्तू मांडताना लोकरीचा खर्च धरतात, त्यावर ‘थोडे वर’ लावतात आणि किंमत ठरते. ते ‘थोडे वर’ म्हणजे चौदा तासांची मजुरी. ज्याला उद्योजकता म्हणून गौरविले जाते, ते पुष्कळदा किमान वेतनाच्या निम्म्याहूनही खाली केलेले काम असते, आणि करणारीला ते कळत नाही, कारण तास कोणी मोजलेले नसतात.

ते मोजले न जाण्यास शासनाची परिभाषाही जबाबदार आहे. संयुक्त राष्ट्रांच्या राष्ट्रीय लेखापद्धतीनुसार घरच्या वापरासाठी केलेले वस्तूंचे उत्पादन हे उत्पादनच होय. स्वयंपाक, मुलांचे संगोपन यांसारख्या सेवा तेवढ्या सीमेबाहेर ठेवल्या आहेत. म्हणजे घरी विणलेला मोजा तत्त्वतः राष्ट्रीय उत्पन्नाचा घटक ठरतो. (त्याचे प्रमाण लक्षणीय असेल तर, अशी पळवाट शास्त्रकारांनी ठेवली आहेच.) आता आपल्याकडील श्रमबल पाहणी पाहावी. तिच्यात ‘९३’ हा सांकेतिक क्रमांक आहे: घरकाम सांभाळून सरपण, भाजीपाला, वैरण गोळा करणाऱ्या आणि घरच्यासाठी शिवण, विणकाम इत्यादी करणाऱ्या व्यक्तींचा. हा क्रमांक श्रमबलाच्या बाहेर मोजला जातो. मोजा उत्पादनात आणि तो विणणारी मात्र अनुत्पादक, असा हा चमत्कार आहे. २०१३ साली आंतरराष्ट्रीय श्रमसांख्यिकी परिषदेने स्वतःच्या वापरासाठीच्या उत्पादनाला ‘काम’ म्हणून मान्यता दिली, पण ‘रोजगार’ म्हणून नव्हे. २०२४ च्या कालवापर पाहणीत घरच्यांसाठी विनामोबदला घरकाम करणाऱ्या स्त्रिया दिवसाला २८९ मिनिटे आणि पुरुष ८८ मिनिटे ते करतात असे आढळले. घड्याळ लावले की वस्तुस्थिती दिसते. एला भट्ट यांच्या अध्यक्षतेखालील आयोगाने १९८८ च्या ‘श्रमशक्ती’ अहवालात स्त्री-श्रमिकाची व्याख्या रुंद करा म्हणून सांगितले होते.

मंगळवेढा-सांगोला भागातील लोकरीचे अर्थकारण पाहिले तर हाच प्रकार अधिक ठळकपणे दिसतो. दख्खनी मेंढीची लोकर राठ. तिचा मोजा पायाला टोचेल. तिची घोंगडीच व्हायची. मेंढरे धनगराची, माग सणगराचा, आणि या दोघांच्या मधले सूतकताईचे काम प्रामुख्याने घरच्या स्त्रियांचे. चिंचोक्याची खळ लावलेले घोंगडे बाजारात जाते ते विणणाऱ्याच्या नावाने. सूत कातण्यात गेलेले दिवस किमतीत विरघळून जातात. उलटपक्षी मोज्यासाठी दुकानातून आणलेली ‘लोकर’ बहुधा ॲक्रिलिकची असते. दाराशी कातरलेली लोकर मातीमोल आणि परगावची रासायनिक लोकर सुयांवर, अशी ही गंमत आहे. पण कातणारी आणि विणणारी या दोघींच्या तासांचे दोन्हीकडे एकच होते.

यंत्राला दोष देणे सोपे आहे. मोजे विणण्याची चौकट विल्यम ली याने इंग्लंडात १५८९ साली बनविली, आणि राणी एलिझाबेथने तिला एकाधिकारपत्र नाकारले. पुढे १८११ पासून नॉटिंगहॅमशायरच्या मोजेकामगारांनी चौकटी फोडल्या, तेव्हा ती यंत्रे दोन शतकांची जुनी होती. त्यांचा राग घटलेली मजुरी, चौकटींचे भाडे आणि कापडातून कापून शिवलेले निकृष्ट मोजे यांवर होता. पार्लमेंटने १८१२ साली चौकट फोडणाऱ्याला फाशीची तरतूद केली. यंत्राचा तास आणि माणसाचा तास यांत कोणाचा कैवार घेतला गेला हे त्यावरून कळते.

मंगळवेढ्याला विनामोबदला श्रमाची स्मृती नवी नाही. गावकुसाचे बांधकाम करताना भिंत कोसळून चोखोबांचा येथे अंत झाला, असे परंपरा सांगते. ते काम वेठीचे होते. वेठ हा शब्द निदान एवढे तरी कबूल करतो की श्रम झाले आणि दाम मिळाला नाही. हौस हा शब्द तेवढेही कबूल करीत नाही. १९६२ च्या चीन युद्धात स्त्रियांनी जवानांसाठी लोकरीचे कपडे विणले, तेव्हा हौसेचे राष्ट्रकार्य झाले. श्रम मात्र ते तेव्हाही झाले नाहीत. विणण्यात आनंद असतो हे खरेच आहे. शिकविण्यात प्राध्यापकालाही आनंद वाटतो. त्यावरून कोणी त्याचे वेतन बंद केल्याचे ऐकिवात नाही.

याच जिल्ह्यात याला उलट उदाहरणही आहे. सोलापूर शहरात हजारो स्त्रिया घरी बसून विड्या वळत आल्या. तेही घरातलेच काम, मुलाला मांडीवर घेऊन केलेले. परंतु १९६६ च्या विडी कामगार कायद्याने घरी विड्या वळणारीला कामगार मानले, आणि संघटनेच्या बळावर हजार विड्यांचा दर हा भांडणाचा विषय झाला. तो दर पुरेसा ठरला असे कोणी म्हणणार नाही, पण भांडण्यासाठी आकडा होता. सुयांवरच्या कामाला आकडा नाही. घरबसल्या काम करणाऱ्यांविषयीचा १९९६ चा आंतरराष्ट्रीय करार, क्रमांक १७७, भारताने आजवर मान्य केलेला नाही.

तेव्हा कार्यकर्त्यांनी दोन ठिकाणी लक्ष घालावे. पाहणीतील ‘९३’ या क्रमांकातून वस्तू निर्माण करणाऱ्या स्त्रिया वेगळ्या काढून त्यांची गणना श्रमबलात करावी, ही मागणी दिल्लीकडे लावून धरण्याची आहे. तिला वेळ लागेल. दुसरे काम तालुक्यातच होण्याजोगे आहे. बचत गटाच्या वहीत लोकर, सुया, प्रवासखर्च हे रकाने असतात. त्यांच्या शेजारी तासांचा एक रकाना आखून घ्यावा, आणि प्रदर्शनाला माल नेण्यापूर्वी त्याची बेरीज गटातील सर्वांसमोर मोठ्याने वाचावी.