‘साहेबांना पाठवा!’

आमच्या राजूरचा पाऊस एकदा लागला की उसंत घेत नाही. अशाच एका सकाळी सासूबाईंना डोळे दाखवायला संगमनेरला न्यायचं होतं. चावी फिरवली तर जीपमधून नुसता ‘टक्’ आवाज, पुढे काही नाही. गॅरेजवाल्यानं बॉनेट उघडलं आणि लगेच सांगून टाकलं, ‘‘सेल्फ गेलाय ताई. नवा टाकावा लागेल, पाच हजार धरा. साहेबांना पाठवा, त्यांना समजावतो.’’

गाडी माझ्या नावावर, हप्ते माझ्या शिलाईतून, आणि समजावायचं मात्र साहेबांना!

आयटीआयला जाणारी पुतणी म्हणाली, ‘‘काकू, आधी मोजू तर या.’’ तिच्याकडे साधा मल्टीमीटर होता. गाडी न्यूट्रलला टाकली, हँडब्रेक ओढला, पदर खोचला, हातातल्या धातूच्या बांगड्या काढल्या. बॅटरीच्या दोन टोकांना बांगडी टेकली तर चांगलंच भाजतं.

बॅटरी 12.6 व्होल्ट दाखवत होती, म्हणजे भरलेली. सासूबाईंनी सेल्फ मारला तेव्हाही 11.5 च्या खाली उतरली नाही. 9.6 च्या खाली गेली असती तर बॅटरीवर संशय घेतला असता. मग मीटरची एक वायर बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरी इंजिनच्या उघड्या लोखंडाला लावली. सेल्फ मारताना इथं फार तर 0.2-0.3 यायला हवं. आले 4 व्होल्ट! म्हणजे सेल्फला मिळायची वीज अर्थिंगच्या वायरमध्येच वाया जात होती. टोकाला पांढरी-हिरवी बुरशी धरली होती. वायर सोडवून खायचा सोडा घातलेल्या कोमट पाण्यानं, जुन्या ब्रशनं घासली, कोरडी करून घट्ट आवळली. जीप पहिल्या झटक्यात सुरू!

सेल्फपर्यंत पुरेशी वीज पोचूनही तो फिरला नसता, तर गॅरेजवाल्याचंच खरं ठरलं असतं. तो लबाड होता असं मी म्हणत नाही. त्यानं मोजलं नाही, अंदाज सांगितला. अंदाजाचे पैसे मात्र आपण भरतो.

गंमत पाहा. पूर्वी गाडीला हँडल मारावं लागे आणि उलट्या झटक्यानं हात मोडत. अमेरिकेतल्या चार्ल्स केटरिंगनं विजेचा सेल्फ बनवला आणि 1912 च्या कॅडिलॅक गाड्यांत तो आला. तेव्हापासून बायकांना गाडी चालवणं सोपं झालं. ज्या यंत्रानं आपल्याला स्टिअरिंगवर बसवलं, त्याविषयी ‘साहेबांना पाठवा’ का ऐकून घ्यायचं?

मैत्रिणींनो, बाजारात पावशेर मिरची घेतानाही आपण तराजूचा काटा बघतो. मग हजारांच्या कामाला का नाही? सगळ्यांनी मेकॅनिक व्हावं असं नाही. पण ‘मोजून दाखवा’ एवढं तरी म्हणू या. काही शे रुपयांचा मीटर बचत गटात एक असला तरी पुरे. आमच्या गटानं तो घेतलाय.