रिकामी खोली

पुतण्यानं पुण्यात ‘झेन’ बेडरूम केलीय. बुटका पलंग, मातकट भिंती, मंद दिवा, बाकी सामान नाही. म्हणतो, “काका, इथं शांत झोप लागते!” अरे बाबा, जपानातली तातामीसुद्धा मुळात भाताच्या पेंढ्याचीच, सकाळी अंथरूण कपाटात आणि त्याच खोलीत दिवसभराचा वावर. आमच्या माजघरात निराळं काय होतं? सारवलेली भुई, कोपऱ्यात उतरंड, वलणीवर वाकळा. याहून रिकामी खोली कुठून आणणार? तरी विकास सोसायटीचं कर्ज थकलं त्या साली आबा रात्रभर आढ्याकडं बघत पडायचे. रिकामेपणाचे एवढे गोडवे गाऊ नका. पुतण्याच्या फ्लॅटचे हप्ते २० वर्षांचे, उशाशी फोन थरथरतोय. भिंतीचा रंग काय करील? कर्ज फिटलं त्या रात्री आबा ओट्यावर, नुसत्या गोणपाटावर, घोरत होते.