रियासीचा डोंगर किती सरकतो? मोजमाप मिलिमीटरचे, प्रश्न रेल्वेमार्गाचा

भिलाई : चिनाब नदीवरील रेल्वेपुलाचे ६ जून २०२५ रोजी लोकार्पण झाले. १,३१५ मीटर लांबीच्या या पुलासाठी सेलने सुमारे १६ हजार टन पोलाद पुरवले. त्यात भिलाई पोलाद कारखान्याचा वाटा मोठा आहे. पोलादाची ताकद कारखान्यात तपासता येते. ते ज्या डोंगरात उभे राहिले, त्याची हालचाल मात्र नदीकाठच्या मातीतूनच वाचावी लागते.

जम्मू विभागातील रियासी परिसरात हिमालयाच्या पायथ्याशी एक सक्रिय प्रस्तरभंग आहे. त्याच्या एका बाजूचा खडक दुसऱ्या बाजूवर चढत असल्याने नदीकाठचे जुने सपाट थर पायऱ्यांसारखे उचलले गेले आहेत. उचल किती, हे पायऱ्यांच्या उंचीवरून कळते. केव्हापासून, हे वाळूच्या कणांवरून. कण गाडला गेला की भोवतालच्या किरणोत्सर्गाची ऊर्जा त्यात साठत जाते. त्यामुळे त्यावर शेवटचे ऊन केव्हा पडले, हे प्रयोगशाळेत काढता येते. भारतीय व अमेरिकी भूवैज्ञानिकांचा असा अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानुसार येथील भूकवच वर्षाला ६ ते ७ मिलिमीटर आखडते. काश्मीर हिमालयातील एकूण आकुंचनाचा हा जवळपास निम्मा भाग आहे.

आकडा किरकोळ वाटतो आणि सरासरी असल्याने फसवाही आहे. असा प्रस्तरभंग दरवर्षी थोडाथोडा सरकत नाही. तो शतकानुशतके अडून राहतो आणि एका भूकंपात काही मीटर सुटतो. हजार वर्षांची थकबाकी होते ६ ते ७ मीटर. अभ्यासकांच्या मते येथे जमीन फाडणारा शेवटचा भूकंप चार हजारांहून अधिक वर्षांपूर्वीचा. वायव्येस मुझफ्फराबादजवळ ८ ऑक्टोबर २००५ रोजी ७.६ तीव्रतेच्या भूकंपाने ७० हजारांहून अधिक बळी घेतले. रियासीकडील भाग तेव्हा फुटला नाही.

वेगावरून भूकंपाची तारीख सांगता येत नाही. तरीही किल्लारीत १९९३ पूर्वी असा कोणताही आकडा हाती नव्हता. येथे तो आहे. पुलाचे आरेखन भूकंपप्रवण क्षेत्र पाचचे धक्के गृहीत धरून झाले आहे. परंतु हादरा सोसणे वेगळे आणि पायाखालची जमीनच सरकणे वेगळे. हा दुसरा प्रश्न बोगद्यांना अधिक भिडतो. कटरा-रियासी दरम्यानचा ३.२ किलोमीटरचा बोगदा अशाच भग्न खडकांतून जातो. पाण्याच्या झोतांनी त्याचे काम रखडले आणि रुळांचे अखेरचे काम डिसेंबर २०२४ मध्ये संपले. तेथील देखभालीत रुळांच्या तपासणीइतकीच प्रस्तरभंगाच्या दोन्ही अंगांची नियमित जीपीएस मोजणीही असायला हवी.